पुतळ्यांची माळ: यातली पुतळी म्हणजे बाहुली का?

प्रश्न: घरातल्या जुन्या दागिन्यांच्या यादीत 'पुतळ्यांची माळ' लिहिलंय. माळेत तर नुसत्या गोल चकत्या आहेत, बाहुली कुठंच नाही. मग पुतळी का म्हणतात?

उत्तर: नाण्यांचा नि जुन्या दागिन्यांचा धंदा आहे माझा म्हणून लिहितो. पुतळी हे इथं नाण्याचं नाव आहे. व्हेनिसचं सोन्याचं डुकाट, १२८४ मधे पाडायला सुरुवात झाली ते १७९७ ला तिथलं प्रजासत्ताक बुडेपर्यंत चित्र आणि कस जवळपास तोच, वजन साडेतीन ग्रॅमच्या आसपास आणि सोनं जवळजवळ शुद्ध, त्यामुळं व्यापारातून आपल्याकडं आलं तेव्हा लोकांनी बिनघोर घेतलं. एका बाजूला उभा संत मार्क आणि त्याच्यापुढं गुडघा टेकलेला डोज, म्हणजे तिथला प्रमुख, मधे झेंड्याची काठी. मागं ताऱ्यांच्या लंबगोलात येशू. लॅटिन अक्षरं कोण वाचणार, डोळ्यात भरली ती माणसं, म्हणून पुतळी.

प्रश्न: पण आमच्या चकत्यांवर अक्षरंच नाहीत, काठाला नुसत्या रेघा आहेत. खोट्या आहेत का?

उत्तर: खोट्या म्हणू नका प्लीज, या शब्दानं किती चांगल्या माळा वितळल्या गेल्यात. माळेला नाणी पुरेनात तेव्हा इथल्या कारागिरांनी स्वतःच ठसे करून पुतळ्या पाडल्या, आणि अक्षरं कळत नसल्यानं नकलेची नक्कल होता होता त्यांच्या नुसत्या उभ्या रेघा झाल्या. पुढं देवदेवतांची चित्रंही आली. सोनं चोख असू शकतं, ते कसोटीवर बघायचं, चित्रावरून नाही. म्हणून शब्दकोशात दोन अर्थ हवेत असं माझं ठाम मत आहे: एक ते परदेशी नाणं, दुसरा नाण्याच्या घाटाची दागिन्यातली चकती. आणि मोडीत घालायच्या आधी एकेक पुतळी उलटसुलट करून बघा, एकाच माळेत अस्सल डुकाट आणि इथल्या पुतळ्या शेजारी शेजारी ओवलेल्या असू शकतात. अस्सल असेल तर डाक देऊन, म्हणजे वितळलेल्या धातूनं सांधून, कडी जोडल्यानं संग्राहकाकडं भाव उतरतो हे खरं, तरी ती काढायला जाऊ नका, काठ आणखी खराब होतो. पॉलिश तर अजिबात नको.

प्रश्न: सिक्विन शब्दाचा याच्याशी संबंध आहे म्हणे?

उत्तर: आहे, आणि मला हे फार आवडतं! अरबीत सिक्का म्हणजे नाणं पाडायचा ठसा. त्यावरून व्हेनिसची टांकसाळ झेक्का आणि याच डुकाटचं दुसरं नाव झेक्किनो, त्याचं पुढं सिक्विन झालं आणि कपड्यावरच्या चमकत्या टिकलीला चिकटलं. आपला सिक्का नि शिक्काही त्याच अरबी शब्दाचे. पुतळी मात्र या घराण्यातली नाही हं, ती संस्कृत पुत्तलीवरून आलेली.