एरियल बार्ड की वॉरलॉक? आणि मुलान फायटर का नाही

नारिंगी फासा : रविवारी धरमपेठेत अकरा वर्षांच्या भाचीला घेऊन डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळायला बसलो, म्हणजे कागदावर पात्र लिहून फासे टाकत गोष्ट रंगवायचा खेळ. तिला डिस्नेची जलपरी राजकन्या एरियल व्हायचं होतं. पात्राच्या कागदावर क्लासच्या, म्हणजे पात्राच्या प्रकाराच्या, रकान्यापाशी पेन्सिल अडली. भाऊ म्हणाला, गाते म्हणजे बार्ड, गाण्यातून जादू करणारी. मी म्हटलं, वॉरलॉक, कुणा बलाढ्याशी करार करून शक्ती मिळवणारी. पोह्यांवरची तर्री गार झाली, वाद काही मिटला नाही.

माझं मत ठाम आहे. राजकन्येचा क्लास तिने अडचणीत काय केलं त्यावरून ठरवावा. एरियलने माशाच्या काट्याच्या लेखणीने समुद्री चेटकीण अर्सुलाच्या करारावर सही केली, आवाज देऊन पाय घेतले, मुदत तीन दिवस. हा वॉरलॉकचा मार्ग. पुरुषाच्या वेशात सैन्यात गेलेल्या डिस्नेच्या मुलानला सगळे डोळे मिटून फायटर, म्हणजे शस्त्राने लढणारी, म्हणतात, ते तर मला अजिबात पटत नाही. छावणीतली खांबावर चढायची परीक्षा आठवा. मनगटांना वजनं बांधलेली, धट्टेकट्टे गडी घसरून पडतात. ती त्याच वजनांचे पट्टे खांबाभोवती एकमेकांत अडकवते आणि वर जाते. पुढे शेवटचा अग्निबाण शत्रूच्या सरदारावर न सोडता डोंगरावर सोडते आणि बर्फाखाली अख्खी फौज गाडते. हे डोकं 'रोग' (rogue) क्लासचं, म्हणजे आम्ही घरी ज्याला चोरटा म्हणतो त्याचं.

बर्डीचा पॅलाडिन : ताई, इथं चुकून राहिल्या तुम्ही. खेळाच्या 2014च्या नियमपुस्तकात 12 क्लास आहेत आणि जादूवाल्यांत पहिला प्रश्न एकच, शक्ती आली कुठून? सॉर्सररची उपजत, विझार्डची अभ्यासाची, वॉरलॉकची करारातून. एरियलला करारातून जादू कुठं मिळाली? पाय मिळाले, आवाज गेला. बहुतेक मंत्र तोंडाने म्हणावे लागतात. पोरगी दर फेरीला नुसती बघत बसेल, मग खेळेल काऊन? आणि मुलान छावणीत शिकली, तलवार चालवते. हुशार फायटर नसतो का? बुद्धीचे आकडे वाढवा, झालं.

फुटाळ्याकाठची : दादा, मग जादूच्या लांब केसांच्या रॅपन्झेलचं काय? आईने गरोदरपणी फुलाचा काढा घेतला, म्हणजे शक्ती उपजत. तुमच्या हिशोबाने ती आणि 'फ्रोझन'ची जन्मजात बर्फाची जादू असलेली एल्सा एकाच क्लासच्या. पण एल्सा माणसांपासून दूर पळते, ही शेकोटीपाशी परक्याच्या कापलेल्या हाताला केस गुंडाळून जखम भरते. टेबलावर दोघी सारख्या खेळतील? माझ्यासाठी ती क्लेरिक, दैवताच्या शक्तीने जखमा भरणारी.

बर्डीचा पॅलाडिन : क्लेरिक म्हटलं की दैवत आलं, तिचं कोणतं? 2017च्या पुस्तकात सॉर्सररला दैवी आत्म्याची शाखा मिळाली, तिला क्लेरिकचे मंत्र घेता येतात. रॅपन्झेल तिथं नेमकी बसते.

नारिंगी फासा : रॅपन्झेलचं मान्य. आवाजाचा मुद्दाही खरा, मी तो धरलाच नव्हता. मुलानवर मात्र मी हटणार नाही. ताकदीला ताकद लावली असती तर ती त्या खिंडीतच मेली असती.

काल भाचीला तुमचं सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मावशी, मी तर पहिल्याच लेव्हलला आहे. अर्सुलाकडे अजून गेलेच नाही." मग तिने स्वतःच बार्ड लिहिलं. येत्या रविवारी मी अर्सुलाची गुहा मांडणार आहे. सही करायची की नाही, ते तिचं ती ठरवेल.