श्रवणदोष असलेल्या मुलीसाठी अशाब्दिक बुद्धिमापन चाचणी: कोणती करावी, आणि आकड्यावर किती भिस्त ठेवावी?

मयेकरीण:
नमस्कार. माझी मुलगी आठ वर्षांची असून गोव्यात डिचोली तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत तिसरीत शिकते. श्रवणयंत्रे उशिरा लागल्यामुळे तिचे बोलणे मागे राहिले आहे. घरी कोंकणी, वर्गात मराठी आणि पाचवीपासून इंग्रजी अशी पुढची वाट असल्याने शाळेने अशाब्दिक चाचणी करून घेण्यास सुचवले. एका खासगी ठिकाणी रेव्हनची रंगीत आकृत्यांची चाचणी झाली. अहवालात फक्त ‘शतमक २५’ असे लिहिले आहे. हे शंभरपैकी पंचवीस गुण समजायचे का? दुसरी चाचणी करायची झाल्यास कोणती करावी?

रवळनाथ_फोंडा:
शतमक म्हणजे गुण नव्हेत. तिच्या वयाच्या शंभर मुलांपैकी साधारण पंचवीस जण तिच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. बुद्ध्यंकाच्या नेहमीच्या मोजपट्टीवर (सरासरी १००, प्रमाण विचलन १५) हे स्थान सुमारे ९० ला येते, म्हणजे सरासरीच्या पट्ट्यातच. अहवाल देणाऱ्याने हे एका वाक्यात सांगायला हवे होते.

मात्र एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. या चाचणीत ३६ आकृत्या असतात आणि प्रत्येकीतला गाळलेला तुकडा सहा पर्यायांतून निवडायचा असतो. आकृतिबंध ओळखून तर्क करण्याची क्षमता त्यातून चांगली कळते. स्मृती, कामाचा वेग किंवा भाषेची समज कळत नाही. म्हणून प्राथमिक चाळणीसाठी ती उत्तम असली, तरी शाळेतला महत्त्वाचा निर्णय तिच्या एकटीच्या आधारे घेऊ नये.

विश्वसनीयतेचा, म्हणजे चाचणी पुन्हा घेतल्यास गुण कितपत तेच येतील याचा, हिशेब तर प्रत्येक पालकाने एकदा करून पाहावा. समजा, एखाद्या मुलाचा बुद्ध्यंक ८२ आला. चाचणीचा विश्वसनीयता गुणांक ०.९० असेल, तर मापनाची प्रमाण त्रुटी (गुण साधारण किती पुढेमागे होऊ शकतात तो अंदाज) सुमारे ४.७ येते आणि ९५ टक्के खात्रीचा पट्टा साधारण ७३ ते ९१ होतो. गुणांक ०.८० असेल, तर हाच पट्टा ६९ ते ९५ इतका पसरतो. बौद्धिक अक्षमतेचा विचार ७० च्या आसपास सुरू होतो, हे लक्षात घेतले की नुसता आकडा लिहिलेला अहवाल किती अपुरा असतो ते समजेल.

सातेरी (विशेष शिक्षिका):
वरच्या उत्तराशी मी सहमत आहे. पण विश्वसनीय चाचणी आपल्या मुलासाठी सप्रमाण, म्हणजे जे मोजायचे तेच मोजणारी, असेलच असे नाही. चुकीच्या जागी टांगलेला वजनकाटा रोज तेच वजन दाखवतो, म्हणून ते खरे ठरत नाही. श्रवणदोष असलेल्या मुलांच्या बाबतीत खरी अडचण सूचनांची असते. आपल्याकडे सर्रास वापरल्या जाणाऱ्या मलिन यांच्या भारतीय मुलांसाठीच्या बुद्धिमापनश्रेणीतील कृती-चाचण्यांमध्ये ठोकळे जुळवायचे किंवा चित्रातील उणीव शोधायची असते, परंतु काय करायचे ते तोंडीच सांगितले जाते. मुलीला ते नीट ऐकू आले नाही, तर मोजली जाते तिची श्रवणशक्ती आणि अहवालात लिहिला जातो बुद्ध्यंक. शिवाय या मापनश्रेणीची मानके (ज्यांच्याशी तुलना करून गुण ठरतात ते त्या-त्या वयाच्या मुलांचे आकडे) १९६९ च्या सुमाराची आहेत, आणि मानके जुनी झाली की गुण सहसा फुगलेले दिसतात.

उपलब्ध असल्यास लायटर-३ या अशाब्दिक चाचणीला मी प्राधान्य देईन, कारण तिच्या सूचना हावभावांनी दिल्या जातात. युनिट ही चाचणीही आठ ठरावीक हातवाऱ्यांवर चालते. दोन्ही परदेशी आहेत आणि त्यांची मानके आपल्या मुलांवरून ठरलेली नाहीत; त्यामुळे अहवालात तशी स्पष्ट नोंद मागावी. सेगुइन फॉर्म बोर्डमध्ये (वेगवेगळे आकार फळीवरच्या खाचांत बसवण्याची चाचणी) मात्र किती वेळ लागला यावर गुण ठरतात. हात सावकाश चालणाऱ्या मुलावर त्यात अन्याय होतो.

मयेकरीण:
मनापासून आभार. चौकशी कुठे करावी? आणि तोवर घरी अशा आकृत्यांचा सराव करून घ्यावा का?

सातेरी:
सराव अजिबात नको. मोबाइलवर अशी कोडी भरपूर मिळतात. ती सोडवून आलेल्या मुलाच्या गुणांतून तर्क किती आणि ओळख किती, हे वेगळे काढता येत नाही. त्याच कारणाने रेव्हन चाचणी लगेच पुन्हा करून घेऊ नये.

बांबोळीच्या मानसोपचार व मानवी वर्तन संस्थेत चौकशी करा. तिथे किंवा खासगी ठिकाणी, भेटीची वेळ ठरवण्याआधी कोणता संच उपलब्ध आहे आणि सूचना कशा देतात ते विचारून घ्या. चाचणी घेणाऱ्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी. नवी श्रवणचाचणी, शाळेतील वह्या आणि दैनंदिन व्यवहारकौशल्यांची माहिती सोबत न्या, म्हणजे अर्थ लावताना गुणांच्या जोडीला दुसरा आधार असेल.

रवळनाथ_फोंडा:
आणखी एक. सकाळची वेळ मागा, आणि निघण्यापूर्वी दोन्ही यंत्रांच्या बॅटऱ्या बदला. बॅटरी उतरली की मूल ‘लक्ष देत नाही’ असा शेरा पडतो आणि तो पुढे फाइलीतून हलत नाही.