दुबईला कोणत्या महिन्यात गेलात? अनुभव लिहा

माहेरवाशीण_करामा
लेकीने आज जुलैची स्वस्त तिकिटं दाखवली आणि दुबईच्या करामा भागातलं आमचं जुनं घर डोळ्यांसमोर आलं. पाण्याच्या टाक्या गच्चीवर. जून लागला की गार नळाला कढत पाणी यायचं. मग गीझर बंद करून ठेवायचा, त्यातलं पाणी घरातल्या एसीने निवायचं, तेच आंघोळीला. म्हणजे गरम नळातून गार आणि गार नळातून गरम!

लोक सरसकट "नोव्हेंबर ते मार्च" सांगतात, पण त्यातही फरक आहे. वयस्कर माणसं बरोबर असतील तर नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा किंवा फेब्रुवारी, या मतावर मी ठाम आहे. दुपार तिशीच्या आत आणि खाडीकाठी निवांत चालता येतं. डिसेंबरअखेरीला हवा उत्तम, पण तिकिटं आणि गर्दी दोन्ही अंगावर येतात. तुम्ही कधी गेलात, कोणाबरोबर, ते लिहा.

पोहे_विथ_शेव
फेब्रुवारी. डोळे मिटून.

साइटवरचा_माणूस
बांधकामावर होतो तिकडे. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३ उघड्यावरचं काम बंद, तसा नियमच आहे. यावरून काय ते समजा. पारा ४५ म्हटलं की आपल्याकडचे म्हणतात, त्यात काय, जळगावलाही असतो. जळगावचा कोरडा असतो हो. तिकडे ऑगस्टमध्ये समुद्रावरची दमट हवा आली की घाम वाळतच नाही. एसी गाडीतून उतरलं की चष्म्यावर वाफ धरते, रात्री दहालासुद्धा. माझ्या हाताखालची पोरं त्यात सळई बांधायची. त्यांची आठवण आली की अजून पोटात तुटतं.

माहेरवाशीण_करामा
@साइटवरचा_माणूस खरंय दादा. आमच्या इमारतीखाली ही माणसं सावली धरून बसायची. आम्ही ताकाची बाटली नेऊन द्यायचो.

दोन_पिल्लांची_आई
मी जुलैची बाजू घेते 🙋‍♀️ मुलांना सुट्टी तेव्हाच, हॉटेलं खूप स्वस्त. सकाळी मत्स्यालय, दुपारी मॉलमधल्या स्की दुबईचा बर्फ, सगळं छताखाली. बसथांब्यांनासुद्धा एसी आहे. आणि ताजा रुतब खजूर उन्हाळ्यातच मिळतो, मऊ, मधासारखा. फक्त ग्लोबल व्हिलेजची उघड्यावरची जत्रा आणि मिरॅकल गार्डन ही फुलांची बाग तेव्हा बंद असतात. मुलांना त्याचीच आस असेल तर नका जाऊ.

आकाशदर्शन
ऑगस्टच्या शेवटी पहाटे दक्षिणेला अगस्त्य तारा दिसू लागला की तिकडची जुनी माणसं म्हणतात, उन्हाळा आता उतरणीला लागला. ते त्याला सुहैल म्हणतात. पर्यटकाने मात्र त्यानंतरही दोन महिने कळ काढावी.

ठाणेकर
दुबईतल्या रस अल खोर अभयारण्यात रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचे असतील तर हिवाळाच. मागे काचेचे मनोरे, पुढे गुलाबी रांगा. आमच्या ठाणे खाडीतही येतात, पण इतक्या जवळून मी इथे नाही पाहिले.

पोहे_विथ_शेव
@ठाणेकर ऐरोलीहून बोट सुटते ना? कधी जावं?

ठाणेकर
@पोहे_विथ_शेव भरती बघून बुकिंग करा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

निवृत्त_मास्तर
जानेवारीत गेलो होतो. पहाटे धुकं इतकं की आमचं विमान बराच वेळ अडकलं. परतीच्या दिवशी पुढची गाडी घाईची ठेवू नये. वाळवंटात रात्री स्वेटर लागतोच, सौभाग्यवतींनी शाल नेली म्हणून निभावलं. सगळ्यात काय आवडलं विचाराल तर अब्रा, म्हणजे तिकडची लाकडी होडी. एक दिरहमात बर दुबईहून देऱ्याला खाडी ओलांडायची, तोंडावर गार वारा. त्यापुढे बुर्ज खलिफाचे ८२८ मीटर मला फिके वाटले.

शारजावासी
एप्रिल बेभरवशाचा. १६ एप्रिल २०२४ चा पाऊस आठवतो? अल ऐनजवळ एका दिवसात २५० मिमीच्या वर. विमानतळावर पाणी, आमच्या गल्लीत कितीतरी दिवस पाणी. खालच्या मजल्यावरचे शेजारी आमच्याकडे राहिले, सगळ्यांची खिचडी एका कुकरमध्ये. असा पाऊस रोजचा नाही, घाबरू नका. पण रमजान कधी येतो ते नक्की बघा, तो दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. दिवसा शहर संथ असतं, इफ्तारनंतर पहाटेपर्यंत जागं. मला तर तेव्हाच ते सगळ्यात सुंदर वाटतं.

नवी_सूनबाई
आम्ही दिवाळीनंतर चाललोय, नणंदेकडे!! सासूबाई अनारसे, करंज्या करून देणार आहेत. फराळ नेता येतो ना?

शारजावासी
@नवी_सूनबाई थांबा!! खसखस अजिबात नको. अमिरातीत तिला बंदी आहे, अनारशावरची असो की करंजीच्या सारणातली. मसाल्याच्या पुड्याही वाचून घ्या. बाकी चकली, चिवडा, लाडू बिनधास्त.

निवृत्त_मास्तर
आणि औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवा. खोकल्याची, दुखण्याची काही औषधं तिकडे विनापरवाना चालत नाहीत.

नवी_सूनबाई
बाप रे, कोणीच सांगितलं नव्हतं! आत्ताच फोन केला. सासूबाई विचारतायत, अनारशाला तीळ लावले तर?

माहेरवाशीण_करामा
@नवी_सूनबाई छान लागतात, मी तिकडे असताना तसेच करायचे. तूप कडकडीत नको, मंद आचेवर तळा, नाहीतर तीळ आधी करपतात. आणि नणंदेला विचारून गूळही न्या थोडा, आपला चिक्कीचा.