'दो आंखें बारह हाथ' तुम्हाला कुठे भेटला?

मांडवीकाठ
काल भाच्याला आग्वादला नेलं. २०१५ पर्यंत तिथे तुरुंग होता, आता संग्रहालय. कोठडीत शिरल्यावर विचारतो, "मावशी, कडी बाहेरूनच?" आणि मला एकदम शांतारामांचा जेलर आठवला, सहा खुन्यांना उघड्या माळावर नेणारा. सिनेमा १९५७चा, मी पाहिला दूरदर्शनवर, शेजाऱ्यांच्या पडवीत बसून. रात्रभर ते दोन डोळे छपरावर दिसत होते. तुमचंही लिहा.

पोदेर_आला
'ऐ मालिक'! साखळीच्या शाळेत रोजची प्रार्थना. धाकट्याला मालिक म्हणजे आमच्या बसचा मालक वाटायचा. बस बंद पडली की हात जोडायचा 😄

कुडाळची_माहेरवाशीण
चाल वसंत देसाईंची, आमच्या सोनवड्याचे ते! बाकी नंतर, कुकर ओरडतोय.

शुक्रवारचा_बाजार
मला भाजीचा प्रसंग. कैदी स्वस्त विकतात, व्यापारी खवळतात. आजी म्हापशाला मिरच्या घेऊन बसायची. शेवटची बस चुकू नये म्हणून संध्याकाळी वाटे अर्ध्या दरात काढायची. एकदा शेजारणीने पाटीच उलथली. आजी उकिडवी बसून एकेक मिरची वेचत राहिली, तोंडातून शब्द नाही. कैदी मार खातात पण हात उचलत नाहीत, तिथे मला तिची बोटंच दिसतात. घरी आल्यावर शेजारणीच्या सात पिढ्या उद्धरल्या, ते वेगळं.

पोदेर_आला
हरमलच्या का? हल्ली भाव विचारायची सोय नाही.

शुक्रवारचा_बाजार
हरमलच्याच रे. मामीकडे असतील, विचारतो.

वॉर्डरची_लेक
बाबा तुरुंगात वॉर्डर (कुठल्या ते नको). सिनेमा बघताना म्हणाले, "असला साहेब आमच्यात महिनाभर टिकला नसता." शेवटी बैल सुटतात तेव्हा पाणी प्यायला म्हणून उठले. नंतर बघते तर स्वयंपाकघरात उभे, तांब्या हातात भरलेला तसाच. निवृत्तीनंतरही रात्री दार तीनदा ओढून बघायचे.

घाटावरचा
मी सांगलीकडचा, नोकरीला वास्कोत. गोष्ट गदिमांची, पण मुळात औंध संस्थानातला खरा प्रयोग: आटपाडीजवळ स्वतंत्रपूरचा खुला तुरुंग, १९३९. लहानपणी एसटीतून तुरुंगाची भिंत शोधत राहिलो, शेतंच दिसली. आणि बैलाच्या झुंजीत शांतारामांच्या डोळ्याला खरोखरच इजा झाली होती.

मांडवीकाठ
लेकी, तो तांब्या डोळ्यांसमोरून जात नाहीये गं. रविवारी भाच्याला सिनेमा दाखवते. बाजारवाले, मामीला विचाराल तर अर्धा किलो माझ्यासाठीही.