उत्तर: अभ्यंगाच्या तेलात रंग खाली का बसतो

प्रश्न असा होता की अभ्यंगाच्या तेलात खाण्याचा लाल रंग टाकला तर तो बाटलीच्या तळाशी थेंब-थेंब होऊन का बसला. तो रंग पाण्यात विरघळणारा आहे. कितीही हलवा, तेलात मिसळणार नाही. तेलात उतरणाराच रंग हवा.

लाल रंगासाठी रतनजोत. नागपूरच्या इतवारी बाजारात जडीबुटीच्या दुकानात मुळ्या मिळतात. आधी चिमूटभर साल साध्या पाण्यात टाकून बघा: पाणी लगेच लाल झालं तर माल रंगवलेला समजा, खरी रतनजोत पाण्यात जवळजवळ रंग सोडत नाही. १०० मिली तिळाच्या तेलाला ५ ग्रॅम पुरे. तेलाचं भांडं गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मंद आचेवर अर्धा तास, मग कोरड्या मलमलीतून गाळा. थेट आचेवर मूळ करपतं, तेल तपकिरी होतं. भांडं, गाळणी ओली असेल तर तेल गढूळ होतं.

केशरी हवा असेल तर शेंदरीच्या (अन्नाटो) बिया, तेवढ्याच. हळद मात्र नकोच, टॉवेल गेलाच समजा.

रतनजोतीचं तेल अंगावर असताना साबण लावला की फेस निळसर-जांभळा दिसतो. घाबरू नका, साबणाच्या क्षारामुळे होतं ते. डाग पडतो का ते बघायचं तर जुन्या पंचावर बघा.

खोबरेल घेतलं तर आपल्याकडच्या डिसेंबरात ते गोठेल आणि लालाचा फिका गुलाबी दिसेल. वितळलं की परत लाल. बाटली गडद काचेची घ्या, खिडकीत ठेवू नका. शेंदरीचा रंग उन्हात लवकर उडतो.