ग्रीसमध्ये शिडाच्या बोटीवर एक दिवस: तीन बेटं झेपतील का?

म्हापसेकरीण:
नमस्कार मंडळी, जूनमध्ये आम्ही चौघं ग्रीसला जातोय, मी, नवरा आणि माझे आईबाबा, शेंगेन व्हिसा एकदाचा हातात आलाय. बाबांची सगळी नोकरी मुरगाव बंदरात गेली पण ऑफिसात बसून, शिडाच्या बोटीवर कधी चढले नाहीत, आणि आता सत्तरीत त्यांना तेवढंच एक करायचंय. अथेन्सहून एका दिवसासाठी बोट घेऊन एजिना, पोरोस आणि हायड्रा तिन्ही बेटं करायचा विचार आहे, होतं का? लायसन आमच्यापैकी कोणाकडेच नाही, आणि आईला बेतीच्या फेरीतसुद्धा मळमळतं. अजून एक, फोटोत सगळ्या बोटी धक्क्याला पाठ लावून उभ्या दिसतात, त्यातून माणसं उतरतात कुठून?

तारवटी_साळगाव:
तिन्ही विसरा ताई. शिडाची बोट 5-6 नॉटने चालते म्हणजे तासाला साधारण 10 किलोमीटर, अथेन्सच्या अलिमोस मरीनातून एजिनाला पोचायलाच तीन तास जातात आणि संध्याकाळी परत यायचंय. ती जी तीन बेटांची एक दिवसाची ट्रिप दिसते ना ती मोठ्या इंजिनच्या बोटीची, प्रत्येक बंदरात थोडा वेळ सोडतात, फोटो काढा, आइस्क्रीम खा, चला परत. बाबांना शीड बघायचंय ना, मग त्यात काय मजा!

मी सांगतो तसं करा, अथेन्सच्या पिरेअस बंदरातून साध्या फेरीने एजिनाला जा, सव्वा-दीड तासात पोचता, दोन रात्री तिथेच राहा आणि तिथून स्किपरसकट, म्हणजे बोट चालवणाऱ्या कप्तानासकट, दिवसाची बोट मिळते का ते आत्ताच विचारून ठेवा. नाहीच मिळाली तर अलिमोसहून दिवसभराची घ्या, बेट एकच. एजिनाहून निघालात तर दक्षिणेच्या टोकाला पेर्डिका गावासमोर मोनी नावाचं इवलंसं बेट आहे, वस्ती नाही, मोर आणि हरणं मोकळी फिरतात, तिथे नांगर टाकून पोहा, मग पेर्डिकाला जेवा. मासळीचा भाव किलोवर असतो, आधी वजन करून घ्या नाहीतर बिल बघून घाम फुटेल. आणि परत येताना पिस्ते घ्या, एजिना त्यासाठीच प्रसिद्ध. बस, दिवस झाला.

लायसनचं म्हणाल तर स्किपर घेतला की तुमचा प्रश्नच नाही. स्वतः चालवायला घ्यायची असेल तर तिथे लायसनवाला कप्तान लागतो आणि जोडीला बोटीचं कळणारा अजून एक माणूस, शिवाय तशा बोटी बहुतेक शनिवार ते शनिवार आठवड्यावरच देतात.

दोनापावलकर:
साळगावकर बरोबर बोलतायत पण हायड्रा सोडू नका हो! त्या बेटावर गाड्याच नाहीत, सामान खेचरावरून जातं. फक्त तिथे शिडाच्या बोटीने जायचा हट्ट नको, बंदर टीचभर आणि उन्हाळ्यात ठासून भरलेलं, एकाचा नांगर दुसऱ्याच्या साखळीत अडकतो आणि मग सकाळी जी आरडाओरड चालते ती विचारू नका. पिरेअसहून वेगळ्या दिवशी फास्ट फेरीने जा.

आणि वाऱ्याचं पण बाबांना आधीच सांगून ठेवा म्हणजे निराश होणार नाहीत. तिकडे सकाळी वारा बहुतेक पडलेला, अर्धा वेळ इंजिनवरच जातो, शीड फुगतं ते दुपारी, आपल्या मिरामारला सुटतो तसा. जून बरा आहे, जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेचा मेल्तेमी वारा सुटला की सायक्लाडीस बेटांकडे त्याचा जोर बोफोर्ट मापावर 6-7 सहज होतो, तुमची बेटं आहेत ते सारोनिक आखात त्यामानाने आडोशाला.

फोंड्याची_मास्तरीण:
पाठीचं कोडं मी सोडवते. बोट धक्क्यापासून बरंच लांब पुढचा नांगर टाकते आणि उलटी येत येत मागचे दोन दोर बांधते, मग मागून फळी टाकून माणसं उतरतात. भूमध्य समुद्रात भरती-ओहोटी जेमतेम वीतभर म्हणून हे जमतं, मांडवीत पाणी दीड-दोन मीटर वरखाली होतं, आपल्याकडे त्या फळीची घसरगुंडी होईल. फळी अरुंद असते आणि हलते, तेव्हा बाबांचे गुडघे कसे आहेत ते बघा, पुढेमागे एकेकाने हात द्यायचा.

आईंसाठी कॅटामरान, म्हणजे जोडसांगाड्याची बोट, मिळाली तर बघा, एका बाजूला कलत नाही, महाग मात्र आहे. गोळी निघायच्या आधी घ्यायची, मळमळायला लागल्यावर नाही. आणि त्यांना खाली केबिनमध्ये झोपवू नका, बाहेर बसून लांब क्षितिजाकडे बघत राहायचं, मोबाईल बंद. अजून एक गावंढळ वाटेल पण सांगते, बोटीच्या संडासात कागद टाकायचा नाही, पाईप तुंबला की सगळ्यांचा दिवस गेला.

म्हापसेकरीण:
बाप रे, केवढं कळलं! एकच बेट हे बाबांना लगेच पटलं, आईला तर फारच. हायड्रा फेरीने वेगळं. बाबा विचारतायत की स्किपर सुकाणू हातात देईल का, का नुसतं बसून बघायचं?

तारवटी_साळगाव:
देतात की, बुक करतानाच सांगा म्हणजे स्किपर तशी तयारी ठेवतो. मोकळ्या पाण्यात तासभर बाबांनाच धरू दे, कंपासपेक्षा लांबच्या डोंगराच्या टोकावर नजर ठेवायला सांगा, बोट सरळ जाते. बंदरात उलटी लावताना मात्र त्यांना कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेत, बसवून ठेवा आणि तुमच्या नवऱ्याला मागे दोर घेऊन उभं करा, वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूचा दोर आधी द्यायचा. आणि बोट धक्क्याला लागतेय असं वाटलं तरी मध्ये हातपाय घालायचा नाही, बोटीच्या कडेला लटकवलेले फुगे, फेंडर, असतात त्यासाठी.