गंबोरोची लस बंद करायची म्हणे!

शेडवाला: 'जिवंत लस म्हणजे पिल्लांना रोगच पाजणं, गंबोरोची लस बंद करा' ही माळरान यांची पोस्ट वाचून रात्री झोप लागली नाही. गंबोरो म्हणजे कोंबडीच्या पिल्लांचा विषाणूचा रोग. माझ्या 3000 पिल्लांच्या लॉटला त्याची लस द्यायची राहिली होती. 24 व्या दिवशी पिल्लं पिसं फुगवून कोपऱ्यात, पांढरी पातळ विष्ठा. चार दिवसांत 600 गेली. कापली तर मांड्यांवर रक्ताचे पट्टे, बर्सा (शेपटीजवळची प्रतिकारशक्तीची ग्रंथी) सुजून पिवळ्या चिकट पाण्यात. लसीतला विषाणूही बर्सातच वाढतो, पण तो अशक्त केलेला असतो. तो वाढल्याशिवाय शरीर त्याला ओळखणार कसं?

माळरान: ओळख पटेपर्यंत घर जळतं त्याचं काय? इंटरमिजिएट प्लस, म्हणजे जास्त जहाल 'हॉट' लस पाजल्यावर आठव्या दिवशी मी स्वतः पिल्लू कापलं. बर्सा निम्मा! अँटीबॉडी बनवणाऱ्या बी पेशीच मेल्या तर पुढची लासोटा (राणीखेत रोगाची लस) लागेल कशी? दोनदा पाजूनही माझ्याकडे राणीखेत आलाच.

करारवाला: आधी पिल्लांचं बोला. एका पेटीत दोन-तीन पालक कळपांची पिल्लं येतात. आईकडून आलेल्या अँटीबॉडी कुणात जास्त, कुणात नावाला. सगळ्यांना लसीचा एकच दिवस कसा चालेल? आणि मर झाली की कंपनी पैसे कापणार आमच्या रिअरिंग चार्जमधून (पिल्लं वाढवायच्या मोबदल्यातून).

शेडवाला: करारासाठी वेगळा धागा काढा.

करारवाला: का काढू? लस कोणती ते कंपनीचा सुपरवायझर ठरवतो, मला बाटलीवरचं लेबलसुद्धा बघू देत नाही. मेलेली पिल्लं मात्र मी पुरायची!

जुना पशुवैद्य: भांडा, पण हे ऐका. सौम्य लसीला आईकडून आलेल्या अँटीबॉडीच निकामी करतात. हॉट लस त्यातून पार होते, पण बर्साला जास्त मार बसतो. तो बराचसा भरून यायला काही आठवडे लागतात आणि ब्रॉयलर 40 व्या दिवशी गाडीत चढतो. म्हणजे माळरान यांनी पाहिलं ते खरं आहे. पण शेडमधला मोकाट विषाणू पहिल्या दोन-तीन आठवड्यांत लागला, तर पिल्लू मरत नाही, त्याची प्रतिकारशक्तीच कायमची खचते. माळरान, लासोटाच्या दिवशी टाकीत ब्लीचिंग होतं का? त्यातल्या क्लोरीनने लसीतला विषाणूच मरतो.

माळरान: होतं. रोजच टाकतो. क्लोरीन मारायला दूध पावडरही नव्हती घातली. बरं, ती चूक माझी. पण निम्मा बर्सा या डोळ्यांनी पाहिलाय, ते मागे घेणार नाही.

शेडवाला: ते नका घेऊ. 'बंद करा' तेवढं आजच मागे घ्या. तुमची पोस्ट वाचून आमच्या गावात चौघांनी उद्याची लस थांबवलीय.